वानेऱ्याचे कान

आमच्या उदगिरात नासिर हेड्याचं नाव काढलं की लोक आधी हसतात आणि मग तो आसपास नाही ना, हे बघून घेतात. कारण तो असला तर तुमच्यातही एखादी खोड काढणार आणि ती तुम्हाला जन्मभर चिकटणार. मला एकदा भर रस्त्यात म्हणाला, "अप्पा, तुम्ही मागच्या पायांत आखडून चालायलात." तेव्हापासून गल्लीतली पोरं माझ्या मागच्या पायांकडं बघतात. मला पुढचे पाय नाहीत, हे त्यांना कोण सांगणार?

हेडी म्हणजे बैलबाजारातला दलाल. नासिरचा आजा हेडी, बाप हेडी. हंडरगुळीच्या बाजारात रुमालाखाली बोटं धरून सौदे करण्यात त्यांची हयात गेली. नासिरनंही ऐन जवानीत तेच केलं. पुढं शिवारात ट्रॅक्टर आले, बाजार विरळ झाला आणि नासिरनं बादल्या, टप आणि प्लॅस्टिकच्या खुर्च्यांचं दुकान टाकलं. धंदा सुटला, पण बघायची सवय काही सुटली नाही. खुर्ची घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकाला तो आधी विचारतो, "घरची म्हैस कितव्या वेताची?"

एकदा मालाच्या गाडीत चुकून खेळण्यातल्या जनावरांचं एक पोतं आलं. त्यात निघाला गेंडा. कातडीच्या घड्या, गुडघ्याला पडलेले घट्टे, खुरांच्या भेगा, सगळं जिथल्या तिथं. नासिरनं तो बाजारात बघतात तसाच बघितला. आधी खूर, मग गुडघे, मग पाठीवरून हात फिरवला आणि शेवटी दात बघायला तोंड उघडायला गेला. तोंड उघडेना, तेव्हा त्याला फार वाईट वाटलं. त्या दिवसापासून नाद लागला तो लागलाच. मोबाइलवरून मागवून मागवून त्यानं लांडगे, तरस, झेब्रे, हत्ती, विलायती गायी आणि अमेरिकेतले 'ब्राह्मन' जातीचे बैल जमवले. जनावर मात्र हुबेहूब पाहिजे. पापण्या लावलेली हसरी गाय कुणी दाखवली की म्हणायचा, "गाय हसती व्हय? हसली तर समजा, पोट फुगलंय."

त्याच्या बायकोनं, सबिहाभाभींनी, एकच अट घातली होती, नमाजाच्या खोलीत यातलं एकही जनावर येता कामा नये. बाकीचं सगळं त्यांनी पोटात घातलं. पुढं तर नासिर खेळण्यांची पारख करणारे व्हिडिओ काढायला लागला तेव्हा मोबाइल धरायचं कामही त्यांच्याच हातात आलं. 'जनावर बघा' असं त्या चॅनलचं नाव. त्यात नासिर दिसतो आणि भाभी ऐकू येतात. तो सिंहाच्या आयाळीवर बोलत असतो आणि मागून आवाज येतो, "हौ, सिंहाची बघा, स्वतःची बघा नक्को." माझं खरं सांगतो, निम्मे लोक भाभींसाठीच बघायचे.

आता मुद्द्याची गोष्ट. नासिर ज्या जनावराला नावं ठेवतो, ते त्याला आवडलेलं असतं. ही बाजाराची रीत आहे. घ्यायचं जनावर असलं की त्याच्या खोडी काढायच्या. पाय फाकतोय, पाठ खोल गेलीय, नजर चोरतोय म्हणायचं. तोंडावर कौतुक केलं तर मालक भाव चढवतो, आणि वर जनावराला नजर लागते ते वेगळंच. कौतुक करतो तो विकणारा. नासिरला ही रीत आईच्या दुधातून मिळाली होती. लग्नाआधी मुलगी बघून आला तेव्हा अम्मीनं विचारलं, "कैसी है?" तर म्हणाला, "नाक जरा बसकं वाटतंय. दम निघायचा न्हाई कामाला." अम्मी उठल्या आणि साखर वाटली. हे मला भाभींनीच सांगितलं, आणि सांगताना नाकाला हात लावून सांगितलं.

त्याच्या व्हिडिओचंही तेच. ज्या लांडग्याला त्यानं "हा लांडगा हाय का उपाशी कुत्रं?" म्हटलं, तो काचेच्या कपाटात मधल्या फळीवर बसला. आणि ज्या जिराफाला "छान, लई छान" म्हटलं, तो दुसऱ्या दिवशी शेजारच्या लेकराच्या हातात दिसला. उदगिरात हे सगळ्यांना ठाऊक. बाहेरच्या लोकांना वाटायचं, म्हातारा तोंडाचा फटकळ आहे, मजा येते.

एवढं कपाट भरलं, पण नासिरला एक गोष्ट खायची. जगातली सगळी गुरं खेळण्यात मिळतात, स्वित्झर्लंडची मिळते, स्कॉटलंडची केसाळ मिळते. आपली देवणी कुणी बनवत नाही. त्यातही वानेरा. सगळं अंग पांढरं शुभ्र, तोंडाच्या दोन्ही बाजू काळ्या. बापानं सांभाळलेला शेवटचा बैल वानेराच होता. नासिर मला म्हणायचा, "अप्पा, दावणीला आता एक बी उरला न्हाई. निदान एवढाला तरी हुबेहूब व्हावा. मी गेल्यावर पोरासोरांनी बघून म्हणावं, असा होता बरं का."

हे तो एका व्हिडिओत बोलला आणि नांदेडहून लुंबिनीचा फोन आला.

लुंबिनी मूळची बिलोलीची, पण सगळी वाढली नांदेडात. चित्रकलेचं शिक्षण घेतलेली. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये ती बुद्धमूर्ती आणि शाळांसाठी लागणारे नमुने घडवते, साचा काढून रेझिन ओतते. म्हणाली, "काका, मी करते वानेरा. मला जवळून बैल माहीत नाही, फोटोंवरून करीन. पण तुम्ही पारख करायची आणि एकही चूक सोडायची नाही." लातूरच्या एका पशुप्रदर्शनात बक्षीस म्हणून देवणीच्या मूर्ती द्यायच्या, असं तिथल्या मंडळींशी तिचं बोलणं चाललं होतं. जमलं तर तिच्या शेडला पहिलं मोठं काम मिळणार होतं.

नमुना कुरिअरनं आला. मी तिथंच बसलो होतो. नासिरनं कापूस बाजूला केला आणि हात मागं घेतला. लांब, लोंबते, टोकाशी वळलेले कान. गळ्याखालची लोंबती कातडी, म्हणजे पोळी, अशी सैल, की हलेल असं वाटावं. फुगीर कपाळ. वशिंड एका बाजूला जरासं कललेलं. नासिर उठून आत गेला, तोंड धुऊन आला आणि म्हणाला, "सबिहा, मोबाइल धर."

त्या दिवशी त्यानं जे तोंडसुख घेतलं, तसं आयुष्यात कुणावर घेतलं नसेल. "हे कान हायत का केळीची पानं? एवढे लोंबते असतेत व्हय? पोळी बघा, शेजाऱ्याचा सदरा घातल्यावाणी. कपाळ तर माशी चावल्यावाणी सुजलंय. आन् तोंडाला काळं फासायला कुणी सांगितलं होतं?" मागून भाभी म्हणाल्या, "या अल्ला, आज तर जीवच जडला." व्हिडिओ संपला. नासिरनं मधल्या फळीवरचा लांडगा उचलून खाली ठेवला आणि तिथं वानेरा ठेवला. उदगीर हसलं. आम्हाला कळलं होतं.

नांदेडला कळलं नाही.

एका सकाळी लुंबिनीचा फोटो आला. नासिर माझ्याकडं धावत आला तो एका पायात चप्पल घालून. फोटोत बैल होता, पण कान आखूड, ताठ. पोळी घासून गळ्याला चिकटवलेली. कपाळ सपाट. तोंड पांढरं. खाली लिहिलं होतं, 'काका, तुम्ही सांगितलेल्या सगळ्या खोडी दुरुस्त केल्या. लातूरच्या लोकांनीही तुमचा व्हिडिओ बघून हेच सांगितलं होतं. पहिला साचा नमुना काढतानाच फाटला, आज मूळ मूर्तीवर नवा साचा भरते. तुमचे उपकार विसरणार नाही.'

"अप्पा," नासिर म्हणाला, "तिनं मूळ मूर्तीच कापली. माझ्या तोंडानं कापली."

फोन लावला, बंद. पुन्हा लावला, बंद. त्याच्या घरी गेलो, तर भाभींनी कपाट उघडलं, वानेरा जुन्या ओढणीत गुंडाळला आणि त्याच्या हातात दिला. "जावा. आता हा एकच राहिलाय." मग माझ्याकडं वळल्या. "अप्पा, तुम्ही बी जावा संगं. ह्यांना नांदेड सापडन, शब्द सापडायचा न्हाई."

मुखेडमार्गे जाणाऱ्या एसटीत खिडकीशी नासिर बसला, मांडीवर ओढणी. प्रत्येक खड्ड्याला तो गाठोडं उचलून धरायचा, पोटुशी बाई पोट धरते तसं. मी गंमत करायला गेलो, "अरे, डोहाळे लागलेत का?" तो हसला नाही. नासिर हसला नाही म्हटल्यावर माझ्याही तोंडचं पाणी पळालं. दर थांब्यावर फोन लावायचा आणि म्हणायचा, "साचा भरला असंल. भरलाच असंल."

शेड सापडली तेव्हा उन्हं चांगलीच चढली होती. दारातच लुंबिनी उभी, हातात पातळ रबराचा डबा, केसांवर पांढरी धूळ. आम्हाला बघून तिचा चेहरा असा उजळला की मला खाली बघावं लागलं.

"काका! तुम्ही स्वतः आलात? जय भीम, आजोबा. बसा, बसा. फोन चार्जिंगला लावलाय आतल्या घरात. बरं झालं आलात, आता भरणारच होते. आधी तुम्ही बघा."

तिनं लाकडी चौकटीतला बैल आमच्यासमोर सरकवला. ते कान कापलेलं ध्यान. नासिरच्या कपाळाला घाम आला. ओठ हलले.

"कसा झालाय?" तिनं विचारलं.

आणि नासिर म्हणाला, "छान. लई छान झालाय."

मी कपाळावर हात मारून घेतला. तुम्हीच सांगा, भिऊन गेलेल्या माणसाच्या तोंडातून जन्मभराची सवयच बाहेर येणार ना? त्याच्या बोलीत याचा अर्थ होता, हे घरातून बाहेर काढा. पण पोरीचे डोळे भरून आले. "बघा! मी आईला म्हणत होते, काका एकदा तरी छान म्हणतील." आणि तिनं डबा कलता केला.

"थांब गं!" मी ओरडलो. "ओतू नको! हा छान म्हणाला म्हणजे तो बैल गेला कामातून!"

ती आमच्याकडं आळीपाळीनं बघत राहिली. मग मी सांगितलं सगळं, बाजाराची रीत, खोडी काढणं, नजर, जिराफ, भाभींचं नाक, सगळं. नासिर मान खाली घालून ऐकत होता. माझं संपलं तेव्हा लुंबिनीनं डबा खाली ठेवला.

"म्हणजे ते कान बरोबर होते?"

"हां."

"पोळी?"

"तीच तर पोळी, बेटी."

"मी हातानं घासली," लुंबिनी म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, हेच वाईट होतं. "फोटोत कान लोंबते दिसत होते, काका. मला दिसत होते. मी म्हटलं, फोटोतला बैल म्हातारा असेल, म्हणून लोंबत असतील. काकांना जास्त कळतं. मी माझ्या डोळ्यांवर विश्वास ठेवला नाही, तुमच्या शब्दावर ठेवला."

"चुकलं माझं."

"आणि हे तरी खरं कशावरून? आता इथं उभं राहून पहिल्या मूर्तीचं कौतुक करायलात. कौतुक कोण करतं? विकणारा. आजोबांनीच सांगितलं आत्ता."

नावं ठेवली तर पोर खरं मानते, कौतुक केलं तर खोटं मानते. असा कोंडलेला माणूस मी याआधी पाहिला नव्हता. शेवटी नासिरनं ओढणी सोडली आणि वानेरा तिच्यासमोर ठेवला.

"ह्याच्यावरून साचा काढ."

तिनं तो उचलून उजेडात धरला. स्वतःच घडवलेली वस्तू ती परक्यासारखी बघत होती. "ह्याचे कान पातळ ओतलेत. रबरातून ओढताना तुटतील. शिंगंही जातील कदाचित. हा तुम्हाला परत मिळायचा नाही."

"तुटू दे."

"आणि लातूरकरांचं काय? तुमचा व्हिडिओ बघून बसलेत ते. त्यांना काय सांगू? साचा आज भरला नाही तर काम दुसऱ्याला देणार आहेत." ती आतल्या घरातून मोबाइल घेऊन आली आणि त्याच्यासमोर धरला. "त्यांना तुम्हीच सांगा. सरळ भाषेत. खोडी काढायच्या नाहीत."

भाभी नव्हत्या, मागून कुणी टोमणा मारणारं नव्हतं. नासिर मोबाइलकडं बघत उभा राहिला. "कान... कान वाईट न्हाईत."

"सरळ, काका."

"पोळी बी तशी चालती."

"काका!"

"न्हाई येत गं मला!" तो एकदम ओरडला. "माझ्या बापाला बी येत नव्हतं! बैल मेला तवा बी तो म्हणला, कामाचा नव्हताच. आन् दोन रोज जेवला न्हाई." मग तो भिंतीला टेकून खाली बसला आणि मूर्ती हातात घेतली. मोबाइलकडं बघायचंच त्यानं सोडून दिलं. बैलाकडं बघत बोलायला लागला. "असेच लोंबते कान असतेत. माशी बसली की असा एकच हलतो. पोळी अशीच पायाला लागती. तोंड असंच काळं, दोन्ही बाजूंनी, जसं कुणी हातानं पुसून घेतलंय. ह्या पोरीनं वानेरा बघितला न्हाई, तरी वानेरा आणला. मी जे पहिलं बोललो ते सगळं उलटं होतं. हा बाजारात आला असता तर माझ्या बापानं रुमाल टाकला नसता. मालक म्हणंल तो भाव दिला असता." एवढं बोलून त्यानं मूर्ती मांडीवर ठेवली. लुंबिनीनं व्हिडिओ थांबवला आणि तसाच लातूरला पाठवून दिला.

मग ती कामाला लागली. कान कापलेला बैल चौकटीतून काढून कोपऱ्यात ठेवला आणि नासिरचा बसवला. रबर ओतलं. हळूहळू ते पाय गिळत, पोट गिळत, वशिंडापर्यंत चढलं. शेवटी शिंगांची टोकं तेवढी दिसत होती, मग तीही गेली. नासिर दाराबाहेर जाऊन उभा राहिला. मला म्हणाला, "बुडाला."

तिच्या आईनं भाकरी आणि ठेचा आणून दिला. नासिरनं घास हातात धरला आणि परत ठेवला. लातूरचा निरोप येईना.

रबर घट्ट झालं तेव्हा उन्हं उतरली होती. लुंबिनीनं चौकट सोडली, साच्याला कडेनं काप दिला आणि बैल ओढायला सुरुवात केली. पाय सुटले. पोट सुटलं. मग काड्या मोडल्यासारखा आवाज झाला. एक कान आणि एक शिंग आतच राहिलं. तिनं चिमट्यानं तुकडे एकेक करून बाहेर काढले, आत बॅटरी मारून बघितलं. बराच वेळ बघितलं.

"साचा चांगला आहे," ती म्हणाली. "कान पूर्ण उमटलेत."

त्याच वेळी मोबाइल वाजला. तिनं वाचलं आणि आमच्याकडं फिरवला. लातूरच्या मंडळींनी लिहिलं होतं की, एकच माणूस परवा एक आणि आज भलतंच सांगतो, आम्ही कोणत्या शब्दावर जायचं? आम्ही बक्षीस म्हणून ढाली द्यायचं ठरवलं आहे. कळावे.

नासिरनं माफीसुद्धा मागितली नाही. मागितली असती तरी ती कुठल्या बाजूची धरायची, हा प्रश्न होताच. लुंबिनीनं मोबाइल पालथा ठेवला. "काका, आता हा कुणासाठी ओतू?" असं तिनं विचारलं. त्यात राग असता तर बरं झालं असतं. आम्ही निघालो तेव्हा ती साच्याजवळच बसलेली होती, दारापर्यंत आली नाही.

एसटीत नासिरनं मोडका बैल ओढणीत धरला होता. आता खड्डे आले तरी तो गाठोडं उचलत नव्हता. कंडक्टरनं तिकीट विचारलं, ते मीच काढलं. मुखेडच्या अलीकडं नासिर म्हणाला, "अप्पा, साचा चांगला निघाला ना?"

"निघाला की."

"म्हणजी बैल हाय."

"हाय."

"गिऱ्हाईक न्हाई."

मला त्याला छेडायला दहा गोष्टी सुचतात एरवी. एकही सुचली नाही. थोड्या वेळानं त्यानंच फोन लावला. मी कान देऊन ऐकत होतो, तो माझा स्वभावच आहे.

"बेटी, मी नासिर," तो म्हणाला. "मला..." आणि अडकला. काय मागावं, कसं मागावं, कोणत्या बोलीत मागावं, त्याला सुचेना.

पलीकडून लुंबिनीचा आवाज आला, घाईतला. "काका, नंतर बोला. हात रेझिननं भरलेत. पहिला ओत आहे, बुडबुडे धरतील." आणि फोन बंद.

नासिरनं मोबाइल कानापासून काढला, त्याच्याकडं बघितलं आणि पुन्हा कानाला लावला.

"काय म्हणाली?" मी विचारलं. ऐकलं होतं, तरी विचारलं.

"ओतायली," तो म्हणाला. मग उदगीर येईपर्यंत बाहेर बघत बसला.